कुंकू लावलेली कात्री

सुरतेतल्या आमच्या लिंबायतच्या गल्लीत कुणाला नोकरी लागत नसे, मशिनी मिळत. 'त्याला चार मशिनी मिळाल्या' असं कानावर आलं की समजायचं, पोरगा लग्नाला लायक झाला. मशीन म्हणजे लूम, कापड विणायचा माग. माग शेठचे, शेड शेठचं, सूत शेठचं. पण गावाकडं सांगताना ज्याच्या हाताखाली ते चालत त्याचेच ते असत. माझे आप्पा त्यांच्या चार मागांबद्दल असं बोलत, की लहानपणी मला वाटे, माग आमचेच आहेत आणि शेठ आमचा भाडेकरू आहे.

भाषणांत म्हणतात ना, लहान उद्योगांतून रोजगार निर्माण होतो. होतो की. नव्वदच्या पुढच्या त्या वर्षांत आमच्या गल्लीत तो आमच्या उंबऱ्यावर बसून निर्माण होत होता. शेठ चहा पिताना म्हणे, काका, एक माणूस बघा. मग आप्पांचा निरोप भुसावळ पॅसेंजरनं जाणाऱ्या कुणाबरोबर तरी खानदेशात पोचे आणि आठवड्याभरात अमळनेर-पारोळ्याकडचा एखादा पोरगा पत्र्याची पेटी घेऊन दारात उभा राही. त्याला मशिनीवर उभं करायचं, शिकवायचं, तो पळाला तर शेठची बोलणी खायची, हे सगळं आप्पांकडं. अर्धी गल्ली अशी त्यांच्या शब्दावर आलेली होती. सणाला बायका मायला वाटीभर काहीतरी आणून देत आणि माय ते अशा तोऱ्यात घेई, जणू खातं तीच चालवते. लूमच्या कारखान्याला आमच्याकडं खातं म्हणत.

आप्पांना कमी ऐकू यायचं. सगळ्याच कारीगरांना यायचं. दिवसभर त्या खटखटीत उभं राहिलेला माणूस घरी आला की ओरडूनच बोलतो, आणि आपण ओरडतोय हे त्याला ठाऊक नसतं. आप्पा 'मीठ दे' म्हणाले की चार घरं सोडून पलीकडची बाई मीठ काढी. आमच्या घरात गुपित असं काही राहत नसे.

पुढचं समजायला बदलीची रीत सांगायला हवी. कारीगर गावी गेला किंवा तापानं पडला तर त्याच्या मशिनी बंद ठेवून चालत नाही. म्हणून तो आपल्या जागी दुसरा माणूस देतो. तो बदलीवाला. जाताना कारीगर आपली सूत कापायची छोटी कात्री त्याच्या हातात ठेवतो. त्यात समारंभ काही नाही. खात्याच्या दारात, विडी पिता पिता, घे रे म्हणून. कारीगर परत आला की बदलीवाला लगेच कात्री परत देतो आणि मशिनीची खबर सांगतो, कुठला पट्टा ढिला आहे, कुठं ताणा तुटतोय. कात्री मागायची वेळ येत नाही. मागावी लागली तर ती बदली नव्हे, चोरी, असं आप्पाच म्हणायचे.

माझी मोठी बहीण, ताई, लग्नाची झाली तेव्हा शेठ भेस्तानला नवं शेड बांधत होता. जुनं खातं लिंबायतला होतं तेवढंच, आणि भेस्तानला आणखी तितकेच माग बसणार होते. शेठनं आप्पांना सांगून ठेवलं होतं, काका, माणसं तयार ठेवा. आप्पांनी ठेवली. गल्लीतल्या प्रत्येकानं गावाकडच्या भावाला, मेव्हण्याला कळवून टाकलं. जे माग अजून आलेच नव्हते त्यांच्यावर उभे राहणारे लोक आमच्याकडं तयार होते. माझ्या बापाची हुशारी ती अशी.

ताईला बघायला आले ते पारोळ्याकडचे लोक. जमीन नाही, मुलगा दुसऱ्यांच्या शेतात कामाला, पण सरळ. हुंड्याची गोष्ट निघाली तेव्हा मुलाच्या वडलांनी आप्पांपुढं हात जोडले आणि म्हणाले की आम्हाला काही नको, पोराचं तेवढं सुरतेला बघा. आप्पा त्यांच्या नेहमीच्या आवाजात म्हणाले, "तुमना पोऱ्याले मी मशीनवर लाई देसू. हाऊ मन्हा शबद."

गल्लीनं तो ऐकला. लग्न झालं.

लग्न झालं पण शेड काही होईना. पत्रे आले, माग आले, कुठल्या तरी बंद पडलेल्या गिरणीतून उचललेले. भेस्तानला ते ताडपत्रीखाली गंजत पडले, कारण विजेचं कनेक्शन येत नव्हतं. आज येतं, उद्या येतं. तिकडं गावात मुलाच्या वडलांना धीर निघेना. त्यांनी मुलगा आणि सून दोघांना पॅसेंजरमध्ये बसवून दिलं. एका सकाळी ताई दारात उभी, मागं जिजाजी, हातात तीच पत्र्याची पेटी.

एका खोलीत जावई ठेवणं काय असतं ते ज्यांनी ठेवला त्यांनाच कळेल. दुसरा कुणी पोरगा आला असता तर आप्पांनी त्याला दोन शिव्या देऊन पाण्याच्या रांगेत उभं केलं असतं. हा जावई. त्याला पाणी आणायला सांगता येत नाही, ताट उचलू देता येत नाही, तो जेवल्याशिवाय कुणाला जेवता येत नाही. आप्पा रात्रपाळी करून आले तरी खाटेवर झोपायचे नाहीत, कारण खाट पाहुण्याची. जिजाजी सकाळी रेल्वे फाटकापर्यंत चालत जायचे आणि परत यायचे. संध्याकाळी पुन्हा जायचे. गल्लीत पोरं मागून हसायची. ते वाईट नव्हते. हे मी तेव्हाही म्हणत होते, आजही म्हणते, आणि म्हणताना आजही दात आवळले जातात.

आप्पा त्यांना आपल्याबरोबर खात्यात नेऊ लागले, नुसतं बघायला. हात चांगला होता. तुटलेला धागा कसा शोधायचा, धोट्यात कांडी कशी भरायची, सगळं पटकन उचललं. आप्पा घरी येऊन कौतुक करायचे. भेस्तान सुरू होईपर्यंत जावई तयार, असं त्यांचं गणित होतं.

मग अखाजी आली, म्हणजे अक्षय तृतीया. आमच्याकडं दिवाळीपेक्षा अखाजी मोठी. त्या वर्षी तर आमचे आजोबा गेल्यानंतरची ती पहिलीच, म्हणजे पितरांच्या नावानं घागर भरायला थोरल्या मुलाला गावी जाणं भागच. आप्पांना जायचं होतं. बदलीला नेहमी शेजारच्या खोलीतला एक कारीगर असायचा. पण माय म्हणाली की घरात जावई हात बांधून बसलाय आणि मशिनी परक्याला कशाला? तेवढेच चार दिवस त्यांचाही जीव रमेल. बरोबर होतं तिचं. त्या दिवशी ते सगळ्यांनाच बरोबर वाटलं होतं, मलासुद्धा.

निघायच्या सकाळी आप्पांनी कात्री काढून जिजाजींच्या पुढं धरली. माय आतून म्हणाली, थांबा. जावयाला कोरड्या हातानं काही द्यायचं नसतं. तिनं ताट केलं. टॉवेल-टोपी होती, लग्नातली उरलेली. नारळ होता. तिनं जिजाजींना पाटावर बसवलं, कपाळाला कुंकू लावलं, ओवाळलं. मग कात्री लोखंडाची, कामाची, म्हणून तिलाही कुंकवाचं बोट लावलं. आप्पांनी ती दोन्ही हातांनी जिजाजींच्या ओंजळीत ठेवली. ताईचा चेहरा त्या दिवशी इतका उजळला होता, की लग्नातही मी तसा बघितला नव्हता. दारात दोन-तीन बायका जमल्या होत्या, त्यातली एक म्हणाली, नशीब लागतं असा सासरा मिळायला.

आमच्या गल्लीत बदलीची कात्री कुंकू लावून कुणी कधी दिली नव्हती. बदलीवाला जावई असण्याचीच ती पहिली वेळ. आप्पा दुपारच्या गाडीनं गेले.

तिकडं घागर भरून झाली, पण आजीच्या घराचं छप्पर पावसाआधी शाकारायचं म्हणून आप्पा थांबले. परत आले ते भर दुपारी, उधन्याला उतरून चालत. जिजाजी तेव्हा पाळीवर होते. आप्पांनी पिशवी ठेवली, पाणी प्यायले, आणि मायला जे सांगितलं ते अर्थातच आम्ही सगळ्यांनी ऐकलं. अखाजीच्या दिवशी पारावर माणसं बसली होती. पारोळ्याकडचे व्याही मुद्दाम भेटायला आले होते. त्यांनी सगळ्यांदेखत आप्पांना मिठी मारली, डोळे पुसले आणि सांगितलं की या माणसानं शब्द पाळला. स्वतःच्या चालू मशिनी जावयाला कुंकू लावून दिल्या आणि स्वतः नव्या खात्यात जायचं ठरवलं. सुरतेहून गावी गेलेल्या कुणाकडून तरी जिजाजींनी वडलांना तसा निरोप धाडला होता.

"मंग तुम्ही काय बोलनात?" मायनं विचारलं.

पारावर, चार गावांच्या माणसांत, पितरांच्या दिवशी, आप्पा व्याह्याला काय सांगणार, की ते तर चार दिवसांसाठी होतं? त्यांनी डांगराची, म्हणजे खरबुजाची, फोड खाल्ली आणि मान डोलावली. ताई चुलीपाशी बसली होती. तिनं भाकरी उलटलीच नाही, ती जळाली.

तरी आप्पांना आशा होती. गावात पोरगं बढाई मारून गेलं असेल, इथं खात्याची रीत त्याला माहीत आहे. संध्याकाळी जिजाजी आले. भुवयांवर सूत, अंगाला तेलाचा वास, अगदी आप्पा यायचे तसे. ते आप्पांच्या पाया पडले आणि मशिनींचं सांगू लागले. आम्ही सगळे त्यांच्या खिशाकडं बघत होतो. नवीन माणूस गोठ्यातल्या आपल्या गुरांचं सांगतो तसं ते सांगत होते, ही कशी खोडकर, ती कशी गरीब. सांगून झाल्यावर त्यांनी कात्री काढली आणि देव्हाऱ्याच्या कोनाड्यात ठेवली. कुंकवाचा डाग कडीजवळ अजून होता.

दुसऱ्या दिवशी आप्पा लवकर उठले. अंघोळ केली, खात्यातलं भोकाचं बनियन घातलं आणि दाराशी उभे राहिले. जिजाजी तयार होऊन आले. कोनाड्यातली कात्री घेतली, देवाला हात जोडले. "येस मामा," निरोप घेत ते म्हणाले. "तुम्ही आराम करा." आणि गेले. आप्पांनी बनियन काढलं, घडी केली आणि उशीखाली ठेवलं.

मायपुढं व्यापाऱ्याच्या माणसानं टाकलेला साड्यांचा गठ्ठा होता. साडीवर गोंदानं टिकल्या चिकटवायच्या, हे तिचं घरबसल्या काम. एक टिकली लावायची, एकदा डोळे पुसायचे, असं तिचं चाललं होतं. मी तिला म्हटलं, रडतेस काय, सांग की त्यांना सरळ. ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "जवाईले कुंकू लायीसन दिधं शे. आते मांगता नही येस."

मला त्या क्षणी तिचा, त्या कुंकवाचा आणि सगळ्या खानदेशाचा राग आला. मागता येत नाही म्हणजे काय? तोंड आहे, मागायचं. पण मी पोरगी, आणि तीही धाकटी. माझ्या तोंडाला तेव्हा कुणी विचारत नव्हतं.

आप्पांनी सगळी आशा भेस्तानवर टाकली. ते रोज तिकडं जाऊ लागले, पाळीला जातात तसा डबा घेऊन. ताडपत्री काढली, गंज खरवडला, तेल दिलं, माग दुरुस्त करणाऱ्या मास्तराबरोबर ते ओळीनं बसवले. मजुरीचं कुणी बोललं नाही. शेठ म्हणे, काका तर घरचे. आप्पा घरी येऊन नव्या शेडचं वर्णन करत. खिडक्या मोठ्या. उजेड भरपूर. माझ्या चार मशिनी मी दाराजवळच्या धरणार, हवा येते, असंही ते सांगत. गल्लीतले लोक संध्याकाळी आमच्याकडं विचारायला येत, वीज कधी. एकानं तर आपल्या धाकट्या भावाला आधीच बोलावून घेतलं होतं.

ताईला राहवलं नाही. तिला तेव्हा दिवस गेले होते. एका रात्री तिनं जिजाजींना खरं काय ते सांगितलं असावं, कारण दुसऱ्या दिवशी ते खात्यातून आले तेव्हा त्यांचा चेहरा मेलेला होता. त्यांनी हातपाय धुतले, आप्पांच्या समोर खाली बसले, खाटेवर नाही, आणि कात्री जमिनीवर ठेवून पुढं सरकवली.

"मामा, माले समजनं नही," ते म्हणाले. "माले वाटनं, तुम्ही शबद पाळेल शे. हाई तुमनी शे, ल्या."

माझ्या मनात एकच होतं, आप्पा, घ्या. घ्या ना. आप्पांनी कात्रीकडं बघितलं. ताईकडं बघितलं, तिच्या पोटाकडं. कात्री घेतली तर हा पोरगा उद्यापासून परत रेल्वे फाटकापर्यंत चालणार, आणि गावात व्याह्याची मिठी लटकी ठरणार. आणि भेस्तानला तर वीज आली होती. चार दिवसांवर पूजा होती. दाराजवळच्या मशिनी त्यांनी मनानं धरूनही ठेवल्या होत्या.

त्यांनी कात्री उचलून जिजाजींच्या हातात परत दिली. "दिधेल वस्तू आम्ही परत लेत नहीत, पाव्हना," ते म्हणाले, आणि पार फाटकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात हसले.

मला त्यांचा अभिमान वाटला. खरंच वाटला. मायनं त्या रात्री शिरा केला.

पूजेच्या दिवशी आप्पांनी धुतलेला सदरा घातला. मागांना झेंडूच्या माळा, दारात नारळ, पेढे. शेठनं बटण दाबलं आणि सगळे माग एकदम चालू झाले तेव्हा आप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं असं बरोबर गेलेले लोक सांगत. मग शेठनं बाहेर कारीगरांना गोळा केलं. त्यानं सांगितलं की जुन्या खात्यातले निम्मे कारीगर इथं येतील आणि प्रत्येकजण चारऐवजी आठ मशिनी बघेल. लिंबायतला मागं राहिलेल्यांनी तिथल्या मोकळ्या मशिनी वाटून घ्यायच्या. नवी माणसं सध्या नकोत. गुजरातीत त्यानं ते एका ओळीत सांगितलं, "मशीन वध्यां, माणस एटला ज." मशिनी वाढल्या, माणसं तेवढीच.

झालं. एवढं मोठं शेड उभं राहिलं आणि त्यातून एक जागासुद्धा निघाली नाही. शेठला मी राक्षस म्हणणार नाही. त्याला सूतवाला दाबत होता, कापडाचा दलाल दाबत होता, आणि त्यानं दाबावं तर त्याच्या खाली आम्हीच होतो. आप्पांनी त्याला बाजूला घेऊन स्वतःपुरतं विचारलं. शेठ गोड बोलला. काका, तुमच्या मशिनींवर तुमचा जावई आहे, त्याला तर मी आणखी देतोय. आठ मशिनी म्हणजे पायात पळ पाहिजे, डोळे पाहिजेत. आणि एका घराला किती जागा देऊ, बाकीचे बोलतात. मग त्यानं आप्पांच्या हातावर आणखी एक पेढा ठेवला आणि म्हणाला, "तमे तो घरना माणस छो, काका. हवे आराम करो." आता आराम करा.

आप्पांनी पेढा घरी आणला. ताईला खायला दिला.

त्यानंतरचं सांगायला मला आवडत नाही. ज्याचा धाकटा भाऊ आला होता त्यानं त्याला परत पॅसेंजरमध्ये बसवलं आणि आमच्या दारावरून जाताना तो दुसरीकडं बघू लागला. सणाच्या वाट्या बंद झाल्या. आप्पा दुसऱ्या खात्यांवर फिरले. पण प्रत्येक खात्यात एक आप्पा होताच, आपल्या गावची माणसं आणणारा. शब्दावर माणसं लावण्यात ज्यांचं आयुष्य गेलं त्यांना लावायला कुणी नव्हतं. काही दिवस ते कापड बाजारात गाठोडी उचलायला गेले. जिना चढताना पाठीत भरलं, ते सुटलं. मग मायजवळ बसून टिकल्या लावू लागले. त्यांची बोटं गोंदात माखायची आणि टिकली भलत्याच फुलावर बसायची. माय रात्री गुपचूप ती खरवडून पुन्हा लावी.

आणि त्यांना ऐकू येऊ लागलं. हळूहळू, खटखट नसल्यानं असेल. पहिल्यांदा आम्हाला कळलंच नाही. मग एकदा शेजारणीनं भिंतीपलीकडं काही म्हटलं, 'जवाईले खातं दिधं, आते बसना टिकल्या लायत', असं काहीतरी, आणि आप्पांचा हात थांबला. त्यांचा आवाजही उतरला. घरात इतकं हळू बोलणारा पुरुष आम्ही कधी पाहिला नव्हता. माय त्यांना दोनदा विचारी, काय म्हणालात?

जिजाजींनी नवागामला खोली घेतली. ताईला मुलगा झाला. ते सणावाराला येत, पिशवीत काहीबाही आणत. पण लेकीच्या घरचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही अशी माणसं आमची, माय ती पिशवी बाळाच्या नावानं परत भरून पाठवी. जिजाजी आठ मशिनींत वाळून गेले होते, हे खरं. पण कात्री त्यांनी पुन्हा पुढं केली नाही. एकदा नको म्हटलेली वस्तू दुसऱ्यांदा कोण पुढं करतं? आणि आता मांडीवर पोर होतं. मला सगळं समजत होतं आणि तरी ते आले की मी चहा इतका आपटून ठेवायची की बशीत सांडायचा. ताई मग कमी येऊ लागली.

पुढची अखाजी आली. बाळाचं जावळ काढायला त्यांना गावच्या देवीला जायचं होतं. एका संध्याकाळी दोघं बाळाला घेऊन आले. जिजाजी बसले, बराच वेळ बाळाच्या टोपीची नाडी बांधत राहिले. मग वर न बघता त्यांनी खिशातून कात्री काढली.

"मामा, बदलीवर ऱ्हाशात का?"

माय उठून बाहेर मोरीकडं गेली. मला वाटलं, आता आप्पा ती कात्री गटारात फेकतील. फेकायला हवी होती. आप्पांनी हात पुढं केला आणि कात्री घेतली. उशीखालचं बनियन त्यांनी त्याच रात्री बाहेर काढलं.

ते दिवस आमच्या घरात सणासारखे गेले, लाज वाटते सांगायला, पण गेले. आठ मशिनींमागं धावून आप्पांच्या पोटऱ्या सुजायच्या. पण भुवयांवर सूत घेऊन ते यायचे आणि दारातूनच ओरडायचे, चहा ठेव. ओरडायचे! माय तोंडाला पदर लावून हसायची. कान पुन्हा बंद झाले होते. शेजारीण काय म्हणते ते त्यांना ऐकू येत नव्हतं. मी देव्हाऱ्यापुढं उभं राहून देवाला सांगितलं, ताई-जिजाजींना तिकडंच ठेव. त्यांना गावात शेत दे, म्हैस दे, काहीही दे, पण तिकडंच ठेव. माझ्या सख्ख्या बहिणीसाठी मी हे मागितलं.

ते ठरल्या दिवशी आले. सकाळची वेळ, आप्पा पाळीला निघत होते. ताईच्या कडेवर गुळगुळीत डोक्याचं बाळ, जिजाजींच्या हातात गावाकडचं डांगर. त्यांनी अजून चपला काढल्या नव्हत्या, पाया पडायला वाकले नव्हते, तेवढ्यात आप्पा वळले. खिशातून कात्री काढली, बनियनला पुसली आणि जिजाजींच्या हातात ठेवली. जिजाजी काहीतरी म्हणायला गेले. मी मायकडं पाहिलं. तिनं कुंकवाचा करंडा आणला नाही. परत द्यायच्या कात्रीला कुंकू लावत नाहीत.

"तिसरी मशीनना पट्टा ढिला व्हयेल शे," आप्पा मोठ्यानं म्हणाले. "देखी ल्या."

मग त्यांनी बाळाला घेतलं आणि जिजाजींसाठी खाट मोकळी केली.